फायबर बरोबर, मग नेट कुठे अडलं?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास हॉस्टेलचं नेट गेलं. एरवी गेलं असतं तर पोरांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि कॅरम काढला असता. पण त्या रात्री महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत बाराला संपत होती. लाखांदूर तालुक्यातल्या, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा उत्पन्नाचा दाखला त्याच संध्याकाळी हातात पडला होता. मोबाईलला आमच्या हॉस्टेलात रेंजची एक कांडी, तीही गच्चीवर. फाईल अर्धी चढायची आणि पाय घसरायचा.

पाच मिनिटांत निदान झालं. "सर, हायवेवर जेसीबी चालू आहे. फायबर तोडला असल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कंपनीला फोन लावला (नाव कशाला घ्या, आणि पुढे कळेल की त्यांचा दोषही नव्हता). तिकडून एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या डब्यावर सिग्नल मायनस एकोणीस येतो आहे. आमच्याकडून लाईन ओके आहे." मी चिडलो. नेट बंद आहे आणि हा म्हणतो लाईन ओके! एवढ्यात मागून तृतीय वर्षाचा एक जण म्हणाला, "सर, पीओएनचा लाईट तं हिरवाच आहे ना. लाल वाला बंद आहे. मंग तुटला काऊन म्हनता?"

त्या एका वाक्यावर हा लेख लिहितो आहे. कारण ज्या मुलाने ते विचारलं, त्यालाच महिन्याभरापूर्वी तोंडी परीक्षेत मी प्रश्न केला होता, "जीपॉन हे ओएसआयच्या कितव्या लेयरवर बसतं?" आणि तो म्हणाला होता, "पहिल्या." त्याच्या पुढचा म्हणाला, "दुसऱ्या." मी दोघांनाही अर्धे गुण दिले. खरं सांगायचं तर अर्धे गुण मलाच द्यायला हवे होते, कारण प्रश्नच वाकडा होता.

वाकडा कसा, ते बघू. ओएसआयचं सात थरांचं मॉडेल आयएसओने १९८४ साली ७४९८ या क्रमांकाने प्रसिद्ध केलं. हे थर म्हणजे कामाची वाटणी. खालच्याने वरच्याला सेवा द्यायची, वरच्याने खालचा ती कशी देतो हे विचारायचं नाही. अॅक्सेस नेटवर्क हा मात्र थर नव्हे, तो नेटवर्कचा एक तुकडा आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगतो. धानाच्या पुंजण्यात भारे एकावर एक रचलेले असतात, ते झाले थर. आणि शेतात धुरे घालून बांध्या पाडलेल्या असतात, ते झाले भाग. पुंजण्याचे थर मोजून शेतात बांध्या किती, हे कळत नाही. आयटीयूच्या जी.८०५ या शिफारशीत नेमक्या याच दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. नेटवर्क थरांतही विभागता येतं आणि भागांतही, आणि प्रत्येक भागात पुन्हा थर असतातच. तेव्हा विचारायचं ते असं: अॅक्सेसच्या बांधीत कोणकोणते थर संपतात आणि कोणते नुसते आरपार जातात?

याचं उत्तर जी.९०२ या शिफारशीत आहे. नोव्हेंबर १९९५ ची आहे, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठी, पण अजून उपयोगी. तिच्यात अॅक्सेस नेटवर्कला दोन धुरे दिले आहेत. ग्राहकाकडचा धुरा तो यूएनआय, आणि सेवा देणाऱ्या यंत्राकडचा तो एसएनआय. या दोहोंच्या मध्ये जे काही केबल, डबे, यंत्रं येतात ते अॅक्सेस नेटवर्क. त्याचं काम वाहून नेणं. ग्राहक आणि सेवा देणारं यंत्र आपसांत जे सिग्नलिंग करतात त्याचा अर्थ लावणं हे त्याचं काम नाही. आपल्या मालगुजारी तलावाचा पाट बघा. बांधीत धान आहे की ऊस, हे पाट विचारत नाही. पाणी आलं, पाणी पोचलं, पाटाचा संबंध संपला.

फोनवरच्या मुलाचं "लाईन ओके" हे या अर्थाने अगदी खरं होतं. त्याचा पाट वाहत होता.

आता मायनस एकोणीसचा हिशोब करू, कारण परीक्षेत हा येतो आणि निम्मी मुलं चिन्हात चुकतात. ओएलटी म्हणजे कंपनीकडचं यंत्र, समजा अधिक ३ डीबीएम एवढा प्रकाश सोडतं. एकास बत्तीसच्या स्प्लिटरमध्ये आदर्श नुकसान १५ डेसिबल, प्रत्यक्षात १७ धरा. आठ किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ या दराने सुमारे ३. सांधे आणि कनेक्टर मिळून २. एकूण गेले २२. तीनातून बावीस गेले, मायनस एकोणीस. आपल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, बी प्लस वर्गात मायनस २७ पर्यंत चालतं. म्हणजे आठ डेसिबल शिल्लक. हेच वीस किलोमीटरवर करून बघा: ७, १७ आणि २ मिळून २६. बी प्लसची एकूण मर्यादा २८. शिल्लक दोनच. जेसीबीने केबल तोडली की जोडताना मध्ये नवा तुकडा घालतात, म्हणजे दोन सांधे वाढले. प्रत्येक सांधा थोडंथोडं खातो. लांबच्या गावातलं कनेक्शन काही वर्षांनी पावसाळ्यात "कधी लागते, कधी नाही लागत" असं का वागतं, त्याचं एक कारण या शिल्लक दोन डेसिबलमध्ये आहे.

हा झाला जी.९८४.२ चा प्रदेश, म्हणजे निव्वळ प्रकाश. जीपॉनची जी.९८४ ही मालिका २००३ पासून येऊ लागली. खाली येताना १४९० नॅनोमीटरवर सुमारे २.५ गिगाबिट, वर जाताना १३१० वर सुमारे १.२५. एकाच फायबरवर दोन्ही. त्याच्या वर जी.९८४.३ मधला टीसी थर, आणि खरी गंमत इथे आहे.

खाली येताना अडचण नाही. ओएलटी बोलतो, बत्तीस डबे ऐकतात, ज्याचं त्याने उचलायचं. (तुमचं शेजाऱ्याने ऐकू नये म्हणून एईएस कूटलेखनाची सोय आहे.) वर जाताना मात्र बत्तीस जणांना एकाच फायबरमधून बोलायचं आहे आणि ते एकमेकांना ऐकू शकत नाहीत. वर्गात सगळ्यांनी डोळे मिटून, कान बंद करून हजेरी द्यायची, तसं. म्हणून ओएलटी प्रत्येकाला सांगतो, "तू अमुक क्षणाला सुरू कर, तमुक क्षणाला थांब." पण एक डबा दोन किलोमीटरवर, दुसरा अठरावर. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वीस किलोमीटर जाऊन यायला २०० मायक्रोसेकंद. म्हणून आधी रेंजिंग करतात. प्रत्येकाचं अंतर मोजायचं आणि जवळच्याला मुद्दाम थांबायला सांगायचं, म्हणजे ओएलटीच्या दृष्टीने सगळे सारख्याच अंतरावर येतात.

या सगळ्याची फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. हा आकडा ओळखीचा वाटतो का? टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात, एकाचे ८००० भाग केले की १२५ मायक्रोसेकंद. लँडलाईन फोन घरोघरचे गेले, पण त्यांची नाडी फायबरमध्ये चालू आहे. या एका फ्रेममध्ये खाली येताना ३८,८८० बाइट बसतात. हवं तर स्वतः गुणून बघा.

या फ्रेमच्या पोटात जेम नावाची वेष्टणं, जेमच्या पोटात आपली नेहमीची ईथरनेट फ्रेम. ईथरनेट तर पुस्तकात दुसऱ्या थरावर असतं ना? मग दुसऱ्या थराच्या खाली पुन्हा दुसऱ्या थरासारखं काहीतरी आलं! आणि ईथरनेटच्या पोटात पीपीपीओई, त्यात पीपीपी, तोही दुसराच थर. त्यानंतर कुठे आयपी. सात मजली इमारतीत दुसरा मजला तीनदा लागतो. जो विद्यार्थी सातचा आकडा पाठ करून बसतो त्याचा इथे गोंधळ होतो. थर ही कामाची वाटणी आहे एवढंच धरून ठेवलं तर गोंधळ होत नाही. ज्याला जो वाहून नेतो तो त्याच्या खालचा, बस.

आयईईईने हेच काम वेगळ्या रीतीने केलं. त्यांचं ८०२.३एएच, म्हणजे ईपॉन, २००४ चं. त्यांनी ईथरनेटच्या खाली नवा थर घातला नाही, वेळ वाटून देण्याचं काम आपल्याच मॅकच्या घरात बसवलं. पण मग त्यांच्यापुढे एक मजेदार पेच आला. ब्रिजचा नियम असा की ज्या पोर्टमधून फ्रेम आली त्याच पोर्टमधून ती परत पाठवायची नाही. आता एकाच स्प्लिटरवर दोन गावं आहेत. एका गावाची फ्रेम दुसऱ्या गावाला जायची आहे. स्प्लिटर काही ती वळवत नाही, ती ओएलटीपर्यंत वर जाणार. आणि वरचा ब्रिज म्हणणार, हे दोघं एकाच पोर्टवर आहेत, आपसांत ऐकलंच असेल, मी कशाला पाठवू? शेजारची दोन गावं कायमची अबोला धरून बसली असती. म्हणून त्यांनी प्रत्येक डब्याला एलएलआयडी नावाचा क्रमांक दिला आणि वरच्या ब्रिजला असं भासवलं की प्रत्येक डब्याला स्वतंत्र तार आहे. भौतिक रचना झाडाची, वरच्या थराला दिसते बत्तीस सरळ तारांची. वरच्या थराचा नियम मोडायचा नाही म्हणून खालच्याने केलेला हा बनाव. मला विचाराल तर अॅक्सेस नेटवर्क मानकांत कसं बसतं याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

थरांचा फायदा काय, असं कोणी विचारलं तर मी २००५ साल आठवतो. बीएसएनएलचं डेटावन तेव्हा आलं. तांब्याची तार, एडीएसएल, आणि मोडेमच्या पानावर व्हीपीआय ० व्हीसीआय ३५ भरायचं. रात्री दोन ते सकाळी आठ डाऊनलोड मोफत, म्हणून अलार्म लावून उठणारी पिढी आमची. तो ३५ चा आकडा एटीएमचा होता. पुढे २००६ मध्ये डीएसएल फोरमने टीआर-१०१ काढलं आणि मागचं जाळं एटीएमवरून ईथरनेटवर न्यायची रीत घालून दिली. मग तांबंही गेलं, फायबर आलं. तार बदलली, वेष्टण बदललं, यंत्र बदललं. पण युजरनेम-पासवर्ड मागणारं पीपीपीओई अनेक ठिकाणी तसंच राहिलं, कारण ते या बांधीत संपतच नाही. ते ओएलटीच्या पलीकडे, एसएनआयच्या पार, कंपनीच्या ब्रॉडबँड गेटवेवर जाऊन संपतं. ओएलटी फार तर त्याच्यावर "ही फ्रेम अमुक लाईनवरून आली" एवढी चिठ्ठी चिकटवतो.

आणि त्या रात्री बिघाड तिथेच होता. पीओएन हिरवा, म्हणजे प्रकाश आहे, रेंजिंग झालं, ओएलटीने डबा ओळखला. इंटरनेटचा दिवा मात्र लाल. डब्याचं पान उघडलं तर युजरनेमची जागा रिकामी! चौकशीत निघालं की दुपारी वेग कमी वाटला म्हणून कोणीतरी डब्याच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट केलं होतं. डबा तो दिवसभर जुन्या जोडणीवर रेटत नव्हता हो, दुपारी पोरं वर्गात होती म्हणून कोणाला कळलं नाही, एवढंच. कोणी केलं ते सर्वांना माहीत आहे, मीही सांगत नाही. पासवर्ड रेक्टर ऑफिसच्या जुन्या वहीत शाईने लिहिलेला सापडला. अकरा चाळीसला अर्ज गेला. त्याआधी दोन तास आम्ही जेसीबीला शिव्या देत बसलो होतो.

हे आपल्या हॉस्टेलपुरतं नाही. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत कोपऱ्यात असाच एखादा डबा असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ ला राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली, २०१५ मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं. मूळ आराखडा असा: तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी, मध्ये स्प्लिटर, ग्रामपंचायतीत ओएनटी, आणि प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस. म्हणजे आपण वर पाहिलं तेच झाड. झाडाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे: फांदी जिथे तुटली तिच्या पुढची सगळी पानं वाळतात. प्रकाशाला दुसरी वाट नाही, आणि टीसी थर कितीही हुशार असला तरी तुटलेल्या काचेपुढे त्याचं काही चालत नाही.

म्हणून ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये तालुका ते पंचायत ही जोडणी रिंगची ठरवली आहे आणि पंचायतीत आयपी-एमपीएलएस राउटर बसवायचा आहे. एकीकडून तुटलं तर दुसरीकडून फिरून जायचं. पण फिरून कुठून जायचं हे ठरवायला रस्ते माहीत असावे लागतात, आणि ते ज्ञान तिसऱ्या थराचं. म्हणजे जो थर आजवर या भागातून आरपार जात होता, तो आता पंचायतीच्या कपाटात येऊन बसणार. राउटर आला म्हणजे त्याला कॉन्फिगरेशन आलं, अॅड्रेस आले, आणि बिघाडाची नवी जागाही आली. डब्यावर हिरवा-लाल बघून निदान करण्याचे दिवस तिथे संपतात. पवनी, लाखनी, मोहाडी, साकोलीच्या गावांत हे कोण सांभाळणार? ऑपरेटरला फायबर जोडता येतो, राउटिंग टेबल वाचता येईलच असं नाही.

अंतिम वर्षाच्या मुलांनी प्रकल्पासाठी विषय विचारला होता, म्हणून सांगतो. आपल्या गावच्या पंचायतीत जा, सरपंच किंवा ग्रामसेवकांची परवानगी घ्या, आणि महिनाभर तीन गोष्टी रोज एका वेळी लिहा: पीओएनचा दिवा, मिळणारी प्रकाशशक्ती, आणि पिंग लागतो की नाही. पहिल्या दोन ठीक आणि तिसरी नाही, असे दिवस किती निघतात ते मला दाखवा. वही रेक्टर ऑफिसमध्ये मिळेल. आणि पिन माझ्याकडे आहे, ती मिळणार नाही.