कातळावरच्या घरी डब्याकुंड्यांतील भाजीपाला

रत्नागिरीच्या बाजारात येणारी बरीचशी भाजी घाटावरून येते. घाट बंद पडला की भाजीही थांबते. जुलै २०२१ मध्ये आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता खचला, तेव्हा ही गोष्ट पुष्कळांच्या अनुभवास आली. ज्यांच्या घरामागे परस आहे त्यांना अशा वेळी निदान अळवाचा आधार असतो. परंतु आपल्याकडील कित्येक घरे उघड्या कातळावर उभी आहेत. तेथे कुदळ मारली तर ठिणगी उडते, माती निघत नाही. अशा घरी ओटीच्या कडेला, पडवीत अथवा गच्चीवर डबे मांडून घरापुरती पालेभाजी व मिरची सहज करता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट मात्र प्रथम समजावून द्यावी. घाटावरील कुंडीची रीत येथे जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढे वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. यास्तव त्याच डब्यातून पावसाळ्यात पाणी बाहेर गेले पाहिजे व उन्हाळ्यात ते आत टिकले पाहिजे.

तेलाचे पंधरा किलोचे डबे, फुटके माठ, जुन्या बालद्या, यांपैकी काहीही चालेल. कीटकनाशकाचा वा रंगाचा डबा कितीही धुतलेला असला तरी घेऊ नये. तळाला करंगळी जाईल एवढी पाच-सहा भोके पाडावीत. बहुतेकांची झाडे मरतात ती येथेच. भोक एकच असते, तेही मातीने बुजते. आषाढात डब्यात पाणी तुंबते, मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि घरची मंडळी खत कमी पडले असे समजून वर आणखी शेण घालतात! भोकांवर खापरीचे तुकडे पालथे घालावेत आणि डबा जमिनीस न टेकवता चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर ठेवावा, म्हणजे पाणी मोकळेपणी निघून जाते. ओल्या मातीचा असा डबा २० ते २५ किलो भरतो. तेव्हा गच्चीवर मधोमध गर्दी न करता भिंतीवर भार येईल असे कडेने मांडावेत. लाकडी माळ्यावर तर ठेवूच नयेत.

भरण्यासाठी दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग काथ्याचा भुसा घ्यावा. खाडीच्या पाण्यात सोडणे कुजवतात तेथील भुशात मीठ असते. म्हणून भुसा गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन मगच वापरावा. हा भुसा उन्हाळ्यात ओल धरून ठेवतो. जांभ्याची तांबडी माती आम्ल असते, यासाठी प्रत्येक डब्यात मूठभर चुलीतील राख मिसळावी.

पालेभाजीस वीतभर खोली पुरते. मिरची, वांगी यांना एक फूट हवी. पावसाळ्यात अळू उघड्यावर ठेवले तरी चालते. दोडका व कारले मोठ्या डब्यात लावून वेल मांडवावर चढवावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण हरिता’ दोडके व ‘कोकण तारा’ कारले आपल्या हवेसाठीच काढलेले आहेत. माठ मात्र पडवीच्या कडेला, ऊन लागेल पण पागोळी पडणार नाही अशा जागी ठेवावा. पागोळीच्या माऱ्याने बी वर येते व खत वाहून जाते.

खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. तेव्हा माठ, मुळा, मेथी, कोथिंबीर लावावी. सर्व डबे एकाच दिवशी पेरू नयेत. दर पंधरवड्यास दोन-तीन पेरावेत, म्हणजे एकदम भारा निघून वाया जात नाही. माठ महिन्याभरात खुडण्यास येतो. धने हलके रगडून त्यांची दोन दले वेगळी करून पेरावे. मिरचीची पाने चुरगळू लागली तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी.

फाल्गुनापासून मातीवर आंब्याचा सुका पातेरा पसरावा आणि पाणी सकाळी लवकर घालावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी उत्तम, साबणाचे टाळावे. मासे धुतलेले पाणी घालण्याची रीत घरोघरी आहे व तिला हरकत नाही, परंतु ते बुंध्यापासून दूर घालून लगेच मातीआड करावे, नाही तर रात्री मांजरे सगळा डबा उकरतात. समुद्राकडील बाजूस खारा वारा लागतो, तेथे झावळ्यांचा झाप आडोशास बांधावा. डब्याखाली बशी ठेवलीच तर आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासावी, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

राहता राहिली माकडे. त्यांच्यावर खात्रीचा उपाय आम्हांस सापडलेला नाही. मासेमारीचे जुने जाळे मांडवावरून घालून खाली चारही बाजूंनी ताणून बांधले असता नुकसान पुष्कळ कमी होते. जाळे सैल मात्र ठेवू नये. त्यात पक्षी अडकतात.