बंद शाळा आणि चालू शिक्षण

शाळा बंद पडली म्हणजे शिक्षणही बंद पडले, असे आपण सहज समजतो. आपल्या हैदराबादचा अनुभव मात्र निराळा आहे.

1938 साली निजामाच्या राज्यात विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. त्यावर बंदी येताच औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात व येथील उस्मानिया विद्यापीठात संप झाले आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्यासाठी नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले. उस्मानियात शिकवण्याचे माध्यम उर्दू होते, नागपुरात इंग्रजी. तरीही माध्यम बदलून, परगावी राहून अनेकांनी शिक्षण पुरे केले. अर्थात ती मुले वयाने मोठी होती. ती गाडीत बसून नागपूरला जाऊ शकली. लहान मुलांनी कोठे जावे?

हा प्रश्न 2020 साली माझ्या दारात आला. साथीमुळे मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जगभर सुमारे 160 कोटी विद्यार्थ्यांची तीच गत झाली. तेलंगणात 1 सप्टेंबर 2020 पासून तिसरी ते दहावीचे पाठ दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवर व टी-सॅटवर सुरू झाले. ही सोय मोठीच होती.

आमच्या गल्लीत नांदेडकडचे एक कुटुंब राहते. मुलगी तेव्हा चौथीत, सरकारी तेलुगू शाळेत होती. आईवडिलांना तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. एके दिवशी ती मला म्हणाली, "काका, तीनापेक्षा चार मोठे, मग एक-चतुर्थांश लहान कसा?" टीव्हीवरचा पाठ केव्हाच पुढे गेला होता. मी तिच्या आईकडून एक भाकरी मागवली आणि विचारले, "ही तिघांत वाटली तर वाटा मोठा, की चौघांत?" ती हसली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ओट्यावर, तोंडाला मास्क लावून, आम्ही एक तास बसू लागलो. पाठ टीव्हीने दिला. शंका ऐकायला मात्र माणूसच लागला.

प्राथमिक वर्ग 1 सप्टेंबर 2021 रोजी उघडले, तेव्हा ती शाळेत गेली. तिचा आठवीतला भाऊ मात्र गेला नाही. तो वडिलांबरोबर बांधकामावर जाऊ लागला होता. मी त्याला कधी ओट्यावर बोलावलेच नाही. तो मोठा आहे, आपले आपण पाहील, असे मी धरून चाललो. ही चूक माझी आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक सूचना करतो. दंगल, संचारबंदी, साथ ही संकटे सांगून येत नाहीत. आपल्या महाविद्यालयात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू जाणणारे विद्यार्थी आहेत. कोण कोणत्या वस्तीत राहतो व कोणत्या भाषेत शिकवू शकतो, याची एक वही आजच तयार करावी. शाळा बंद झाल्याच, तर प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या दोन मुलांजवळ तासभर बसावे. त्यांतले एक मूल आठवी-नववीतले असावे.