घास उतरेपर्यंत थांब

अगं, नेमणुकीचं पत्र आलं म्हणालीस, तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं होतं. गिळण्याच्या त्रासावरच्या प्रकल्पात संशोधन साहाय्यक! आनंद झालाच, पण सुरुवातीला मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते तुझ्या कानावर घालायचंय.

ज्याचा फॉर्म तू भरशील, तो माणूस कदाचित दोन महिने नाकातल्या नळीवर असेल. घरात आमटीला फोडणी बसते आणि याचं जेवण सिरिंजने नळीत जातं. तुझ्यासमोर तो बसतो तो पाण्याचा एक घोट तोंडाने घेता येईल या आशेवर.

ईट-10 नावाची प्रश्नावली तुला पहिल्याच आठवड्यात हाताळावी लागेल. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरीज 3 किंवा जास्त आली तर पुढची तपासणी. दिसायला सोपी आहे. पण तू विचारतेस रुग्णाला आणि उत्तर देतो मुलगा, नाहीतर सून. "तसा काही त्रास नाही हो, जेवतात." लकवा झालेल्या एका आजोबांच्या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि गप्प बसून राहिले. बाहेर जेवायला जायला अडचण येते का, हा दुसराच प्रश्न होता. बराच वेळ गेला. मग ते हळूच म्हणाले, "लग्नाला जात नाही आता." भर पंगतीत ठसका लागेल, लोक बघतील, म्हणून. मुलाला हे माहीतच नव्हतं. तेव्हा वेळ लागू दे गं, उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ दे.

आणि ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला, असं कधी धरू नकोस. काही जणांच्या श्वासनलिकेत पाणी उतरतं आणि साधा खोकलाही येत नाही. एक्स-रेच्या व्हिडिओत बेरियम मिसळलेला घोट तू बघशील. घशातला सगळा खेळ जेमतेम सेकंदाभराचा, म्हणून एकेक चित्र थांबवून पाहायचं. रोझेनबेकच्या 1996 च्या मोजपट्टीवर आठ पायऱ्या आहेत. आठवी म्हणजे घोट स्वरतंतूंच्या खाली गेला आणि शरीराने तो बाहेर टाकायचा प्रयत्नही केला नाही. तो क्षण पडद्यावर बघताना आजही माझ्या पोटात कालवतं.

हे गुण दोघांनी एकमेकांचे न बघता द्यायचे असतात. मी एके ठिकाणी असताना एका वरिष्ठांनी सांगितलं, "तुमचे आकडे जरा जुळवून घ्या." मी जुळवले. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना सांगून मूळ नोंदी परत घातल्या. दोघींना वेगळं दिसलं, हीसुद्धा माहितीच असते. तुझ्यावर अशी वेळ आली तर रात्र जाऊ देऊ नकोस.

पातळ-दाटाचंही तसंच. एका घरचं पातळ वरण दुसऱ्या घरी घट्ट. म्हणून 10 मिलिची सिरिंज भरायची, 10 सेकंद सोडायची आणि किती उरलं ते बघायचं. 4 ते 8 मिलि उरलं तर दाटपणा मोजायच्या आयडीडीएसआय पट्टीवर पातळी दोन. तांदळाची पेज गरम असताना मोजलीस आणि ती निवल्यावर पाजली, तर तुझी नोंद खोटी ठरते. पाजायच्या वेळीच मोज.

संमतीपत्र मराठीत वाचून दाखव. नकार दिला तरी उपचार सुरूच राहतील, हे दोनदा सांग.

आपल्याकडे ठसका लागला की "वर बघ, वर बघ" म्हणत डोक्यावर थापटतात. या रुग्णांची मान मागे गेली की घोट श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. नातेवाइकांना ते प्रेमाने समजाव, रागावू नकोस. त्यांनी जीव लावूनच केलेलं असतं.

आणि घास गिळला की लगेच पुढचा प्रश्न विचारू नकोस. "आ" म्हणायला सांग. आवाज ओला, खळखळता आला तर तिथेच थांब आणि थेरपिस्टला हाक मार. फॉर्मवर त्याला रकाना नसेल. शेऱ्यात लिही, वेळेसकट.