सांडस तू धर

अगं, विहिरीवाल्यांनी क्रेनचा जुना तारेचा दोर टाकून दिला आणि तू तो उचलून घरी आणलास, हे आईनं सांगितलं. त्याची सुरी घडवायची म्हणतेस. घडव की! मला आनंदच झाला. पण भट्टी पेटवण्याआधी माझ्याजवळ थोडी बस. घणाच्या आवाजात हे सगळं सांगता येत नाही.

आधी मनातलं बोलते. आपल्या कळंबात बघ, नाहीतर येरमाळ्याच्या वाटेवर पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांत बघ. घण बाईच्या हातात असतो. लेकरू शेजारी झोळीत निजवून ती भर उन्हात घाव घालते. सांडस मात्र पुरुषाच्या हातात. लोखंड भट्टीतून कधी काढायचं, ऐरणीवर कुठं फिरवायचं, कधी बुडवायचं, हे सगळं सांडस धरणारा ठरवतो. घण मारणारीची नजर घाव पडायच्या जागेवर खिळलेली; ताव बघायला तिला उसंतच मिळत नाही. आणि लोहारकीची विद्या सगळी तावात आहे गं. ताकद दुसरा कुणीही देईल. म्हणून माझं तुझ्याजवळ एकच मागणं आहे. या सुरीला सांडस तू धर. घण मी मारते.

आता दोर. १८३४ साली जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तारेचा दोर वळला, तोही खोल खड्ड्यातून माल वर ओढायलाच. आपल्याकडं मांजरेच्या पट्ट्यात तोच दोर विहिरीतला मुरूम-दगड वर काढतो. तो खेच सोसतो, कारण त्याच्या तारेत साधारण ०.६ ते ०.८५ टक्के कार्बन असतो. ऊसतोडीचे कोयते आपण ट्रकच्या पाट्याचे करतो, त्याच्या बरोबरीचं किंवा वरचढच पोलाद समज. बांधकामाच्या गजाला कितीही पाणी दिलं तरी धार टिकत नाही, याला टिकते.

पण प्रत्येक दोर चालत नाही. एक तार कानशीनं घासून बघ. चकचकीत राखाडी मुलामा निघाला तर ते जस्त, तो दोर भट्टीत घालायचाच नाही. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, यात हयगय नको. दुसरं, दोराच्या मधोमध काय आहे ते बघ. बऱ्याच दोरांत ६ पेड आणि प्रत्येक पेडात १९ तारा असतात, पण गाभा कधी पोलादी असतो, कधी तागा-सुतळीचा. सुतळी निघाली तर पेड उलगड, ती ओढून काढ आणि पेड पुन्हा वळ. नाहीतर ती जळून मधे पोकळी राहते आणि तुझं पातं आतून रिकामं.

वीतभराहून थोडा जास्त तुकडा घे आणि दोन्ही टोकं बारीक तारेनं करकचून बांध. पहिल्या मंद तावात आतलं ग्रीस जळू दे. धूर होईल, म्हणून हे उघड्यावर करायचं. मग लाल झाला की एक टोक वाइसमध्ये धरून, ज्या बाजूला वळ आहे त्याच बाजूला आणखी पीळ दे. त्यावर टाकणखार टाक, सोनार वापरतो तोच. तो वितळून तारांच्या फटीत शिरतो, मळी बाहेर काढतो आणि हवा आत येऊ देत नाही. कोळसा लोणारीच घे. दगडी कोळशातल्या गंधकानं जोड बिघडतो.

आता खरी कसोटी. लोखंड पिवळंधमक होऊन पांढऱ्याकडं झुकायला लागलं आणि अंगावरचा टाकणखार ओला चकाकत हलताना दिसला, की तो जोडाचा ताव. ठिणग्या फुटायला लागल्या तर पोलाद जळतंय, ताबडतोब ओढ. पहिले घाव हलके, अगदी थापटल्यासारखे, आणि प्रत्येक घावाला तुकडा फिरवत राहा. इथं घण मारणाऱ्याला आवर घालणं तुझं काम. जोरात पडला की पेड फाकतात आणि मग काही केल्या एक होत नाहीत. मला ओरडून थांबव. मोठी बहीण म्हणून भीड धरू नकोस. पहिल्या घावाला वितळलेला टाकणखार उडतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे आणि ओढणी घरी.

सगळा तुकडा एकजीव होईपर्यंत पुन्हा ताव, पुन्हा टाकणखार. घाव पडताना आवाज बदलतो: सुट्या तारांचा बद्द, जोड बसल्यावर खणखणीत. मग पातं ओढायचं, ते तुला येतंच. लांबी स्वयंपाकघरापुरती ठेव. घरकाम, शेती, कारखाना सोडून इतर वापराच्या ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना शस्त्रकायदा लागतो.

पाणी देण्यावर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण चांगली घडवलेली पाती इथंच जातात. आधी पातं लाल करून हवेत गार होऊ दे, असं ३ वेळा. जोडाच्या मोठ्या तावानं पोलादाचा कण भरड झालेला असतो, तो यानं बारीक होतो. मग शेवटचा ताव. हा दुपारी कधीच घ्यायचा नाही. आपल्या उन्हात लाल रंग फिका दिसतो, माणूस आणखी तापवत राहतो आणि पातं ठिसूळ होतं. पहाटेच्या अंधुक उजेडात बघ, आणि डोळ्यांच्या जोडीला लोहचुंबक ठेव. ७७० अंशांपाशी पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या किंचित वर, सारखा रंग धार ते पाठ पसरला की बुडव.

कशात? आपले जुने लोक थेट पाण्यात बुडवतात आणि जाड कोयत्याला ते निभतंही. दोराच्या पातळ पात्याला नको. पाणी फार झपाट्यानं उष्णता ओढतं आणि कुठं जोड कच्चा असेल तिथं तडा जातो. आपलं करडईचं तेल ५०-६० अंश कोमट करून घे, टोक खाली करून सरळ आत घाल, खालीवर हलव, आडवं हलवू नकोस, नाहीतर पातं वाकतं. तेल पेटलं तर वर झाकण टाक, पाणी कधीच नाही. बाहेर काढून धारेवर कानस फिरव. न चावता सरकली तर पातं कडक झालं.

तेवढ्यावर खूश होऊन ते ओट्यावर टाकून जेवायला बसू नकोस. अशा पात्याला नुसतं पडण्यानंही तडा जातो. लगेच केकच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर २ तास, गार करून पुन्हा २ तास. घासलेल्या पात्यावर वाळल्या कडब्याचा पिवळेपणा दिसायला हवा. धार ओल्या फडक्यात ठेवून पाठ मात्र निळी होईपर्यंत वेगळी तापव. बिल मोरान यांच्या पुढाकारानं १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत सुरीनं टांगता दोर कापायचा, लाकूड तोडायचं, त्यानंतरही हातावरचे केस निघाले पाहिजेत आणि शेवटी तीच सुरी वाइसमध्ये ९० अंशांत वाकवायची; दोन तुकडे झाले की नापास. धार कडक आणि पाठ चिवट असल्याशिवाय ते जमत नाही.

घासून-पुसून फेरिक क्लोराइडच्या पातळ पाण्यात धरलंस की प्रत्येक तारेची कड वेगळी उमटते, पात्यावर खवले खवले दिसतात. ती नक्षी कुणी काढलेली नसते, दोराचाच पीळ तो. गिऱ्हाइकं त्यासाठीच पैसे मोजतील. तेव्हा किलोच्या भावानं विकू नकोस आणि किंमत सांगताना खाली बघू नकोस.

आणि पात्याच्या बुडाशी तुझ्या नावाचं अक्षर ठोक. दादाचं नको, बाबांचंही नको. ठसा पाणी द्यायच्या आधीच ठोकावा लागतो, म्हणून अक्षर कोणतं ते ठरवून ये. रविवारी उजाडायच्या आत भट्टी पेटवू. कोळसा मी आणून ठेवते, तेल आणि चुंबक तू आण.