मधल्या सुट्टीतील काव्यवाचन

कविता ही प्रथम ऐकावयाची वस्तू आहे; वाचणे ही तिची पुढची पायरी होय. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती; त्यांच्या मुखातून निघालेली गाणी घरच्या माणसांनी टिपून ठेवली व ती १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी सभांतून कविता गाऊन दाखविल्या. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर यांनी ठिकठिकाणी एकत्र काव्यवाचने केली. शाळेत मात्र कविता बहुधा शब्दार्थ व प्रश्नोत्तरे यांच्या वाटेने येते. ज्या मुलास अद्याप वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नाही. पुढील उपक्रम मुख्यतः त्या मुलासाठी आहे.

१. वेळ व जागा : आठवड्यातून एकदा, जेवण आटोपून ताटे धुऊन झाल्यावर, वीस मिनिटे पुरेत. झाडाच्या सावलीत मुलांस अर्धवर्तुळात बसवावे. वारा वाचणाऱ्याच्या पाठीकडून यावा, म्हणजे ध्वनिवर्धकावाचून आवाज पोहोचतो. पालक, स्वयंपाक करणाऱ्या ताई, वाटसरू, कोणीही येऊन बसावे. हार, पाहुणे व वर्गणी नको. सुट्टी मुलांची असते. ज्यास खेळावयाचे असेल त्यास खेळू द्यावे.

२. साथ : पेटी असल्यास उत्तम, नसल्यास गावच्या भजनी मंडळाचे टाळ व मृदंग पुरतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा व चौथ्यात चार अक्षरे असतात. टाळ धरणाऱ्या मुलास हा फरक व्याख्येवाचून कळतो. मुक्तच्छंदातील कविता मात्र साधीच वाचावी. त्या वेळी वाद्ये थांबवावीत. शेवटच्या रांगेतील मुलास शब्द ऐकू येत नसतील, तर साथ मोठी झाली असे समजावे.

३. क्रम : प्रथम शिक्षकाने कविता एकदा वाचावी, अर्थ सांगू नये. नंतर एका विद्यार्थ्याने म्हणावी, मग सर्वांनी साथीसह. अखेरीस गावातील एखाद्या आजीची जात्यावरची ओवी ऐकावी. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जी घरची बोली असेल तिला येथे मान असावा. उच्चार सुधारण्याची ही वेळ नव्हे.

४. दक्षता : गोड गळ्याची तीच चार मुले दर आठवड्यास पुढे आली, तर उपक्रमाचा हेतू फसला. यास्तव स्पर्धा व क्रमांक टाळावेत. अबोल मुलाच्या हाती आधी टाळ द्यावे, मग एक चरण, मग एक कडवे. सुट्टीत ऐकलेली कविता दोन दिवसांनी वाचनाच्या तासास मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावी. ओळ कानास परिचित असल्याने बोट शब्दावर ठेवून मूल ती म्हणू लागते. ध्वनी व अक्षर यांची गाठ तेथे पडते. मात्र केवळ पाठांतर होत नाही ना, हे पाहण्यासाठी त्याच ओळींतील शब्द सुटे करून, क्रम बदलून वाचावयास द्यावेत.

केंद्रातील चर्चेसाठी प्रश्न :
(अ) आपल्या शाळेतील कोणत्या मुलाचा आवाज या वर्षी वर्गात ऐकू आलेला नाही?
(आ) त्यास कोणती कविता प्रथम द्याल, व का?
(इ) आपल्या गावात ओव्या अजून कोणास मुखोद्गत आहेत?