सुरीवांचून पोटाचे काप

"पोटांत दुखतें" म्हणून वर्गांतून घरीं जाणारा विद्यार्थी वांद्र्यास नवा नाहीं. परंतु पोट म्हणजे केवळ जठर नव्हे. यकृत, स्वादुपिंड, आंतडीं, मूत्रपिंडें सारीं तेथेंच दाटीनें बसलेलीं. १८९५ सालीं रॉन्टजेननें शोधिलेल्या क्ष-किरणांच्या साध्या चित्रांत त्यांच्या सांवल्या एकमेकींवर पडतात. हॉन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्यानें त्यावर तोड काढिली. बेकरींतील पाव कापून आंतील जाळी पाहावी, तसे शरीराचे काप किरणांनींच घ्यावयाचे! किरणांची नळी रुग्णाभोंवतीं फिरते, आणि कोठें किती किरण अडले ह्याचें गणित संगणक मांडतो. हाच सी. टी. स्कॅन. १९७१ सालीं लंडन येथें प्रथम रुग्णाचें मस्तक असें पाहिलें गेलें. पोटाची पाळी मागाहून आली.

आंत्रपुच्छाची सूज, मूत्रपिंडांतील खडा, जठरास भोंक पडून बाहेर आलेली हवा हीं ह्यांत चटकन दिसतात. जठरांतील लहानसा व्रण मात्र बहुधा निसटतो. त्यासाठीं घशांतून दुर्बीणच उतरवावी लागते. शिवाय पोटाच्या एका तपासणींत निसर्गांतून दोन-तीन वर्षांत मिळावेत इतके किरण अंगावर पडतात. म्हणून मुलाचें पोट दुखूं लागल्यास डॉक्टर बहुधा प्रथम सोनोग्राफी सांगतात. तेथें पालकांनीं मोठ्या यंत्राचा हट्ट धरूं नये. स्कॅन करावाच लागला, तर रुग्णाचें काम एवढेंच, कीं सांगतांच श्वास रोखून स्वस्थ पडावें. नाहींतर चित्र हालतें.