'बार्गेन' : एक शब्द, तीन अवस्था

इंग्रजीतून भारतीय भाषांत अनुवाद करताना तत्त्वज्ञानातील शब्द अवघड आणि बाजारातील शब्द सोपे, असा एक समज आढळतो. 'बार्गेन' हा शब्द या समजाला छेद देणारा आहे. सौदा, घासाघीस, करार, स्वस्तातील खरेदी हे सारे त्याचे मराठी पर्याय होत. परंतु त्यांपैकी एकाच्या जागी दुसरा घालता येत नाही. हे पर्याय एकाच अर्थाच्या छटा नसून व्यवहाराच्या निरनिराळ्या अवस्था दाखवितात. ही गोष्ट दृष्टिआड झाली की वाक्याचा अर्थ तर ढळतोच, शिवाय बोलणाऱ्याची प्रतिष्ठाही कमीअधिक होते.

हा शब्द मध्ययुगात जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. भाव करणे, हा त्या मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ होय. इंग्रजीत मात्र तो व्यवहाराच्या तीनही अवस्थांना लागू होतो. पहिली अवस्था बोलणीची, दुसरी ठरावाची आणि तिसरी फलिताची, म्हणजे किफायतीत हाती आलेल्या वस्तूची. याच्या जवळचा 'हॅगल' हा शब्द पहिल्या अवस्थेच्या पुढे जात नाही. वेडेवाकडे तोडणे हा त्याचा जुना अर्थ आणि क्षुल्लक रकमेसाठी हुज्जत घालण्याचा कमीपणा त्याला आजही चिकटून आहे.

मराठीने या तीन अवस्था वेगळ्या राखल्या आहेत. बोलणी चालू असते तेव्हा 'घासाघीस' चालते; भाव पाडून मागितला जातो. बोलणी संपते तेव्हा 'सौदा' पटतो किंवा फिसकटतो. पटला तर विसार दिला जातो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची जी रीत होती, तीत शब्दावाचून घासाघीस होई आणि सौदाही पटे. तिसऱ्या अवस्थेसाठी मात्र मराठीत सर्वमान्य नाम नाही. तेथे 'स्वस्तात पडले' असे क्रियापदच कामी येते. 'इनटू द बार्गेन' या इंग्रजी वाक्प्रचाराला मराठीत दोन अक्षरी अव्ययाचे उत्तर आहे. 'पैसे गेले, वर अपमान झाला' यातील 'वर' ऐकताना, भाजीवालीने माप भरल्यावर वर घातलेल्या मूठभर कोथिंबिरीची आठवण होते.

अन्य भारतीय भाषांनी हा व्यवहार निरनिराळ्या अंगांनी पाहिला आहे. हिंदीतील 'मोल-तोल' या जोडशब्दात किमतीबरोबर वजनही आले. मल्याळम् भाषेतील 'विलपेशल' म्हणजे शब्दशः किंमत बोलणे. तेथे भर संवादावर आहे. तमिळ आणि तेलुगू या दोन्ही भाषांत 'बेरम्' हा शब्द चालतो. कन्नडमधील 'चौकाशी' मराठी वाचकाला 'चौकशी'ची आठवण करून देते. मराठी 'घासाघीस' मात्र घासण्याची क्रिया पुढे करते. दोन इच्छा एकमेकींवर घासून झिजतात आणि मध्येच कोठे तरी भाव ठरतो.

संस्कृतातील 'पण्' हा धातू या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. धातुपाठाने त्याचे व्यवहार आणि स्तुती असे दोन अर्थ दिले आहेत. 'आपण' म्हणजे बाजार, 'पण्य' म्हणजे विक्रेय वस्तू आणि 'पण' म्हणजे पैजेला लावलेली वस्तू, हे शब्द याच कुळातील. शतपथ ब्राह्मणात सोमक्रयाचा जो विधी आहे, त्यात अध्वर्यू सोमविक्रेत्याला प्रथम गाईचा सोळावा अंश देऊ करतो. मग एक खूर, एक पाय, अर्धी गाय आणि अखेर संपूर्ण गाय. सोमराजाचे मोल याहून अधिक आहे, असे विक्रेता प्रत्येक वेळी बजावतो. येथे घासाघीस हा हीनपणा नसून वस्तूचे माहात्म्य वाढविण्याची रीत आहे. व्यवहार आणि स्तुती हे अर्थ एकाच धातूत का नांदतात, याचा काहीसा उलगडा या प्रसंगाने होतो. पुढे मराठीत 'पणाला लावणे' हा प्रयोग रूढ झाला, तर बंगालीत 'पण' हा शब्द हुंड्याला लागला. एकाच कुळातील शब्द एकीकडे शौर्याकडे, तर दुसरीकडे लग्नाच्या बाजाराकडे गेला.

वाङ्मयाच्या अनुवादात हा भेद निर्णायक ठरतो. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात हॉटस्पर नकाशावरील जमिनीच्या वाटणीवरून अडून बसतो. योग्य मित्राला याच्या तिप्पट भूमी देईन, पण 'बार्गेन' म्हटले की केसाच्या नवव्या भागासाठीही भांडेन, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. येथे 'घासाघीस' योजिल्यास सरदाराचा वाणी होईल. त्याचा मानी हट्ट 'व्यवहार म्हटला की' या शब्दांनीच राखला जाईल. सर फिलिप सिडनीच्या एका प्रसिद्ध गीतात दोन प्रेमिकांच्या हृदयांच्या अदलाबदलीला हाच शब्द लावला आहे. तेथे स्वस्ताई नाही आणि हुज्जतही नाही; दोन्ही बाजू समान असल्याचा आनंद आहे. 'सौदा' हा शब्द त्या आनंदावर डाग पाडील. याउलट मार्लोच्या फॉस्टसने आत्मा विकण्याचा जो लेख रक्ताने लिहिला, त्याला 'सौदा' हाच शब्द शोभतो. गटेच्या फाउस्टमध्ये मात्र करार पैजेचे रूप घेतो. तेथे संस्कृत 'पण' इंग्रजी 'बार्गेन'पेक्षा अधिक नेमका आहे.

प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. कामगारांच्या संघटित वाटाघाटींना 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग' ही संज्ञा बिअट्रिस पॉटर, म्हणजेच पुढील काळातील बिअट्रिस वेब, यांनी 1891 मध्ये दिली. मराठीत तिचे 'सामूहिक सौदा' आणि 'सामुदायिक वाटाघाटी' असे दोन्ही पर्याय प्रचारात आले. श्रम ही क्रयवस्तू नव्हे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1944 च्या फिलाडेल्फिया घोषणेत मांडले. त्या तत्त्वाच्या शेजारी 'सौदा' हा शब्द खुपतो, कारण मराठीत सौदा वस्तूचा होतो. 'वाटाघाटी' हा शब्द कामगाराला मालकासमोर समान आसन देतो. परंतु काम थांबविण्याचे जे बळ मूळ संज्ञेत गृहीत आहे, ते त्यात उतरत नाही. म्हणून प्रक्रियेला 'वाटाघाटी' आणि त्यामागील बळाला 'सौदाशक्ती' अशी विभागणी अधिक न्याय्य होय. फौजदारी कायद्यातही असाच पेच आहे. 'प्ली बार्गेनिंग'ची तरतूद भारतात 2006 मध्ये अंमलात आली आणि हिंदी विधिभाषेने तिला 'सौदा अभिवाक्' म्हटले. न्यायासनासमोर हा शब्द येताच, न्याय विकत मिळतो की काय, अशी शंका सामान्य वाचकाच्या मनात उभी राहू शकते.

तात्पर्य, 'बार्गेन'ला प्रतिशब्द शोधण्यापूर्वी अनुवादकाने दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. व्यवहार कोणत्या अवस्थेत आहे? आणि देवघेवीत वस्तू आहे, वचन आहे की माणूस आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोश देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र संदर्भातूनच मिळते. आणि ते चुकल्यास ज्याने हक्क मागितला, तो अनुवादात भाव करीत उभा राहिलेला दिसतो.